डोक्याला मार लागल्यावर रक्त काय सांगतं आणि काय सांगत नाही

दुचाकी घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं, मिनिटभर काही कळेना, मग माणूस उठून बसला. कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत तो नीट बोलतोय, नाव-गाव-तारीख बरोबर सांगतोय, फक्त डोकं ठणकतंय आणि एकदा उलटी झाली आहे. अशा वेळी डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो सिटी स्कॅन करायचा की नाही हा.

डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन ग्लासगो कोमा स्केल तयार होतं. एकूण गुण ३ ते १५. १३ ते १५ गुण असले तर दुखापत 'सौम्य' म्हणायची, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. सौम्य गटातल्या बहुतेकांचा स्कॅन नॉर्मल येतो. अडचण अशी की ज्या थोड्यांच्या कवटीत रक्त साचायला लागलेलं असतं, तेही पहिल्या तासात इतरांसारखेच दिसतात. मुका मार तो. बाहेर टेंगूळ दिसतं, आतलं दिसत नाही. सगळ्यांचा स्कॅन करावा तर खर्च आणि वेळ जातो आणि किरणोत्सार होतो. डोक्याच्या एका सिटी स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून सुमारे दहा महिन्यांत आपल्या अंगावर येतो तेवढा. शिवाय तालुक्याच्या गावी स्कॅनचं यंत्र असेलच असं नाही. 'रेफर करा' म्हटलं की दीड-दोन तासांचा प्रवास. रक्ताच्या एका नळीवरून हा निर्णय घेता आला तर बरं, ही कल्पना तिथून आली.

त्यासाठी दाह मोजावा, असं पटकन सुचतं. मेंदूला मार बसला की सूज येते, सूज आली की रक्तात दाहाची प्रथिनं वाढतात, मग ती मोजली की झालं. तर्क सरळ आहे, पण पहिल्या दिवशी तो चालत नाही. का चालत नाही हे कळलं, की या चाचण्यांबद्दलचं बरंचसं कळतं.

दोन वेगळ्या गोष्टी

मेंदूला इजा झाली की रक्तात दोन तऱ्हेच्या गोष्टी वाढतात. पहिली तऱ्हा म्हणजे फुटलेल्या किंवा गळक्या झालेल्या पेशींतून बाहेर पडलेला माल. जीएफएपी हे अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या तारकापेशींच्या अंतर्गत सांगाड्यातलं प्रथिन. यूसीएच-एल१ हे मुख्यतः चेतापेशींतलं विकर. एस१००बी हे पुन्हा तारकापेशींतलं, पण चरबीच्या पेशींत आणि त्वचेला रंग देणाऱ्या पेशींतही सापडणारं. ही प्रथिनं एरवी रक्तात नगण्य असतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे इजेला शरीरानं दिलेलं उत्तर. यात सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिनं येतात: आयएल-१ बीटा, आयएल-६, आयएल-८, टीएनएफ-अल्फा ही दाह वाढवणारी आणि आयएल-१० हे तो आवरणारं. आयएल-६ चा निरोप मिळाल्यावर यकृत जे बनवतं ते सीआरपीही यातच. साध्या सीबीसीमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मोजतात; पहिल्यांना दुसऱ्यांनी भागून जो आकडा मिळतो तो एनएलआर हाही दाहाचाच अप्रत्यक्ष मापक. निरोगी माणसात तो साधारण १ ते ३ असतो.

गल्लीत गर्दी जमली की काहीतरी घडलंय हे कळतं, पण कुणाच्या घरात घडलंय ते नुसत्या गर्दीवरून कळत नाही. दाहाचे मार्कर हे गर्दीसारखे आहेत. दुचाकीवरून पडलेल्या माणसाचं नुसतं डोकंच आपटलेलं नसतं. कॉलरबोन मोडलेलं असतं, गुडघा खरचटलेला असतो, मांडीच्या स्नायूत रक्त साकळलेलं असतं. आयएल-६ त्या मोडलेल्या हाडामुळेही वाढतं आणि चेचलेल्या स्नायूमुळेही. अनेक अवयवांना जबर मार लागलेल्या रुग्णात आयएल-६ एकूण इजेच्या प्रमाणात चढतं, मग डोक्याला लागलेलं असो वा नसो. लांब अंतर धावून आलेल्या धडधाकट माणसातही ते वाढलेलं असतं, कारण राबणारे स्नायू स्वतःच ते सोडतात. लठ्ठ माणसात आणि संधिवात किंवा हिरड्यांचा जुनाट आजार असणाऱ्यांत त्याची मूळ पातळीच वर असते.

सीआरपीची आणखी एक अडचण म्हणजे वेळ. इजा झाल्यापासून सहा-आठ तासांनी ते वाढू लागतं आणि शिखर गाठायला दीड ते दोन दिवस घेतं. कॅज्युअल्टीत पहिल्या दोन तासांत काढलेलं सीआरपी अपघाताबद्दल काहीच सांगत नाही. ते वाढलेलं दिसलंच, तर बहुधा रुग्णाला आधीपासून ताप-खोकला किंवा दुसरं काहीतरी असतं. एनएलआर त्यामानानं लवकर हलतो, पण कशानं? अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढलं की न्यूट्रोफिल रक्तप्रवाहात उतरतात आणि लिम्फोसाइट कमी होतात. त्यामुळे नुसती भीती, वेदना किंवा वाटेत दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन एवढ्यानंही तो चढू शकतो.

कोविडच्या काळात सीआरपी, फेरिटिन आणि आयएल-६ ही नावं घरोघरी पोचली. तेव्हापासून 'दाहाचं पॅकेज' करून घ्यायची सवयही काहींना लागली आहे. डोकं आपटल्यावर असलं पॅकेज करून 'नॉर्मल आलं, म्हणजे मेंदू ठीक' असं समजणं धोक्याचं आहे. कवटीत रक्त साचत असतानाही पहिल्या काही तासांत ते नॉर्मल येऊ शकतं.

आत काय घडतं, तासागणिक

धक्का बसतो त्या क्षणी काही पेशी फुटतात, काहींचे लांब तंतू ताणले जातात, बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. फुटलेल्या पेशींतून एटीपी आणि एचएमजीबी१ यांसारखे रेणू बाहेर पडतात. पेशीच्या आत हे रोजच्या कामाचे, पण बाहेर दिसले की 'इथे मोडतोड झाली आहे' अशी सूचना. मेंदूतल्या रक्षकपेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, ती सूचना ओळखतात; प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचे फाटे काही मिनिटांत जखमेकडे वळताना दिसले आहेत. पुढच्या काही तासांत आयएल-१ बीटा आणि टीएनएफ वाढतं, त्यामागून आयएल-६ आणि आयएल-८. पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातले न्यूट्रोफिल जखमेत शिरतात, त्यानंतर मोनोसाइट. सोबतच आयएल-१० सारखे आवर घालणारे रेणूही वाढतात.

हे सगळं मेंदूच्या आत चालू असतं आणि नळीत येतं ते दंडातलं रक्त. मध्ये रक्त-मेंदू अडथळा आहे, म्हणजे दोन्हींतली देवाणघेवाण रोखून धरणारी भिंत. गंभीर दुखापतीच्या रुग्णांत मेंदूत बारीक नळी घालून तिथला द्रव थेंबाथेंबानं गोळा करता येतो. या पद्धतीला मायक्रोडायलिसिस म्हणतात आणि केंब्रिजच्या गटानं त्यावर बरंच काम केलं आहे. तिथे अनेक सायटोकाइनची पातळी रक्तापेक्षा कितीतरी जास्त सापडते. म्हणजे आत मोठी खळबळ असते आणि रक्तात तिचा अंशच पोचतो, तोही उरलेल्या शरीराच्या दाहात मिसळून. सौम्य दुखापतीत हा अंश आणखीच लहान. रक्तातल्या आयएल-६ वर विसंबून मेंदूबद्दल बोलायचं, तर दोन आकडे मिसळलेल्या बेरजेतून एक आकडा ओळखावा लागतो.

दाहाच्या मार्करांपैकी त्यातल्या त्यात आशा आयएल-१० वर आहे. जिनिव्हाच्या संशोधकांनी सौम्य दुखापतीच्या रुग्णांत ते एच-एफएबीपी या दुसऱ्या प्रथिनासोबत आणि जीएफएपीसोबत जोडून पाहिलं; जोडी केल्यावर सिटी नॉर्मल असलेले आणि नसलेले रुग्ण एकट्या मार्करपेक्षा चांगले वेगळे करता आले. पण आपण पाहतोय तो निरोप मेंदूचाच आहे याची हमी तिथे मेंदूतलं प्रथिन देतं. आयएल-१० ही जोड झाली.

मग पहिल्या प्रश्नाला उत्तर कोण देतं

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं सौम्य दुखापतीसाठी पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. बॅनियन कंपनीची ही चाचणी जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन प्रथिनं मोजते. मर्यादा ठरल्या त्या जीएफएपीसाठी २२ पिकोग्रॅम प्रति मिली आणि यूसीएच-एल१ साठी ३२७. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाखकोटीवा भाग. दोन्ही आकडे मर्यादेखाली असले तरच चाचणी निगेटिव्ह; एक जरी वर गेला तरी पॉझिटिव्ह आणि स्कॅन करायचा. रक्त इजेनंतर १२ तासांच्या आत घेतलेलं हवं.

यामागच्या अभ्यासात १,९५९ रुग्ण होते आणि त्यांतल्या सुमारे ६ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये दोष होता. चाचणीची संवेदनशीलता ९७.६ टक्के, म्हणजे दोष असलेल्या शंभरांतले ९७-९८ तिनं पकडले. विशिष्टता मात्र ३६.४ टक्के, म्हणजे दोष नसलेल्या शंभरांतल्या ३६ जणांनाच ती 'निगेटिव्ह' म्हणते. दुसरा आकडा पाहून अनेक जण नाक मुरडतात. हिशेब मांडून पाहू.

एक हजार माणसं घ्या. ६० जणांच्या डोक्यात खरोखर दोष आहे. त्यांतले ५८ किंवा ५९ पकडले जातील, एक किंवा दोन सुटतील. उरलेल्या ९४० पैकी ३४२ निगेटिव्ह येतील आणि ५९८ विनाकारण पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या जवळजवळ ६५७ जणांपैकी खरा दोष फक्त ९ टक्क्यांत. पॉझिटिव्ह उत्तराला स्वतःचं वजन फार थोडं. पण निगेटिव्ह आलेल्या सुमारे ३४४ जणांत दोष असलेले फक्त एक-दोन, ९९.६ टक्के निगेटिव्ह उत्तरं खरी. ही चाचणी आहे ती निगेटिव्ह येण्यासाठी. हजारांतले साडेतीनशे स्कॅन वाचतात, तिचा उपयोग तेवढा आणि तो छोटा नाही.

पण हा ९९.६ चा आकडा ६ टक्क्यांवर उभा आहे. समजा एखाद्या मोठ्या रुग्णालयात छोट्या दवाखान्यांतून निवडून पाठवलेलेच रुग्ण येतात आणि त्यांच्यातल्या ३० टक्क्यांच्या स्कॅनमध्ये दोष असतो. तीच चाचणी, तेच हजार रुग्ण: ३०० दोषींपैकी ७ सुटतात, ७०० निर्दोषांपैकी २५५ निगेटिव्ह येतात. आता निगेटिव्ह आलेल्या २६२ जणांत ७ जणांच्या डोक्यात काहीतरी आहे. विश्वास ९९.६ वरून ९७.३ वर आला. चाचणी बदललेली नाही, रांगेत उभी असलेली माणसं बदलली. परदेशातल्या आकड्यांवरून आपल्याकडच्या मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये थेट निर्णय घेऊ नयेत, याचं हे साधं गणिती कारण आहे.

पहिल्या चाचणीला प्रयोगशाळेत काही तास लागत. जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅबटच्या हातात मावणाऱ्या आय-स्टॅट यंत्रावरच्या चाचणीला परवानगी मिळाली. निकाल १५ मिनिटांत. पण तिला प्लाझ्मा लागे, म्हणजे रक्त आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. २०२४ मध्ये त्याच यंत्राला शिरेतून काढलेलं रक्त थेट वापरायची मुभा मिळाली आणि कालमर्यादा २४ तासांवर गेली. मर्यादेचे आकडे मात्र दरवेळी वेगळे: जीएफएपीसाठी बॅनियनचे २२, आय-स्टॅटच्या प्लाझ्मासाठी ३०, आय-स्टॅटच्या पूर्ण रक्तासाठी ६५. म्हणजे '४०' हा आकडा एका कार्ट्रिजवर (यंत्रात घालायच्या चाचणीच्या डबीवर) पॉझिटिव्ह आणि दुसऱ्यावर निगेटिव्ह. रिपोर्टवर यंत्राचं आणि नमुन्याचं नाव नसेल तर आकड्याला अर्थ नाही. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहणं ही सगळ्यात सहज होणारी चूक.

या चाचण्या १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत. ग्लासगो गुण १३ च्या खाली असतील तर रक्ताची वाट पाहायची नाही, थेट स्कॅन. वय वाढेल तसं जीएफएपी मुळातच थोडं वर असतं, म्हणून सत्तरीच्या आजोबांत विनाकारण पॉझिटिव्ह यायचं प्रमाण जास्त. मेंदूत आपोआप रक्तस्राव होऊन पक्षाघात झाला आणि त्यामुळे माणूस पडला, तरी जीएफएपी वाढतं. मार आधी की झटका आधी हे चाचणी सांगत नाही.

युरोपात जुनी आणि स्वस्त वाट आहे ती एस१००बीची. स्कँडिनेव्हियातल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिला जागा मिळाली: प्रौढ रुग्ण, कमी धोक्याची दुखापत, फक्त डोक्यालाच मार, इजेपासून ६ तासांच्या आत रक्त, आणि पातळी ०.१० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असेल तर स्कॅन न करता घरी. फ्रान्समध्ये हीच खिडकी ३ तासांची धरतात. एवढी घाई अशासाठी की एस१००बी रक्तातून फार लवकर निघून जातं. त्याचं प्रमाण तास-दोन तासांत निम्म्यावर येतं. रुग्ण सकाळी पडला आणि संध्याकाळी आला तर निगेटिव्ह उत्तराला किंमत नाही. उलट जीएफएपी तासाभरात दिसू लागतं, सुमारे २० तासांनी शिखरावर असतं आणि तीन दिवस उतरत राहतं. यूसीएच-एल१ चं शिखर ८ तासांच्या आसपास.

'फक्त डोक्यालाच मार' ही अट एस१००बीच्या बाबतीत फार महत्त्वाची, कारण मोडलेल्या हाडाभोवतीच्या चरबीतून आणि स्नायूंतूनही ते येतं. शिवाय त्वचेचा रंग गडद असलेल्यांत त्याची निरोगी पातळीच थोडी जास्त आढळली आहे. गोऱ्या लोकसंख्येत ठरलेली ०.१० ची रेघ आपल्याकडे लावली तर काय होईल? दोष सुटण्याची भीती त्यामुळे वाढत नाही. विनाकारण पॉझिटिव्ह वाढतील आणि स्कॅन वाचवायचा हेतूच कमजोर होईल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. या सगळ्या चाचण्यांची परीक्षा सिटी स्कॅनशी तुलना करून घेतली गेली आहे, आणि सिटी स्कॅन स्वतः बरंच काही पाहू शकत नाही. अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या प्रकल्पात सिटी नॉर्मल असलेल्या ४५० जणांचा पुढे एमआरआय केला, तर १२० जणांत दोष सापडला. त्यांच्यात पहिल्या दिवसाच्या जीएफएपीचा मध्यक ४१४ पिकोग्रॅम होता. एमआरआयही नॉर्मल असलेल्यांत ७४. म्हणजे 'विनाकारण पॉझिटिव्ह' म्हटलेल्यांतल्या काहींना खरोखरच इजा होती, आपला मापदंडच तोकडा होता. त्यामुळेच २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणात नुसते ग्लासगो गुण न पाहता रुग्णाची स्थिती, रक्तातले मार्कर, प्रतिमा आणि इतर बाबी हे चारही खांब धरले आहेत.

नळीपासून यंत्रापर्यंत

पिकोग्रॅम मोजायचे म्हटलं की नमुन्याची हेळसांड लगेच आकड्यात उतरते, आणि दाहाच्या मार्करांत तर सर्वांत जास्त.

रक्त नळीत गेलं तरी पांढऱ्या पेशी जिवंत असतात. नळी तासन्‌तास टेबलावर पडून राहिली, तर त्या काचेच्या-प्लास्टिकच्या स्पर्शानं चेतवल्या जातात आणि नळीतच आयएल-६, आयएल-८ सोडतात. रक्त गोठताना प्लेटलेटही आपापला साठा रिकामा करतात, म्हणून सीरम आणि प्लाझ्मा यांचे सायटोकाइनचे आकडे जुळत नाहीत. यासाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी घ्यावी, हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करावी, जमेल तर तासाभरात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करावा. लगेच मोजायचं नसेल तर छोट्या छोट्या भागांत उणे ८० अंशांवर गोठवावं. एकाच कुपीचं गोठवणं-वितळवणं पुन्हा पुन्हा केलं तर काही प्रथिनं मोडतात, आणि मग आकडा कमी का आला याचा पत्ता लागत नाही.

नळी जोरात हलवली, बारीक सुईतून रक्त ओढलं, किंवा सिरिंजमधून दाबून भरलं की लाल पेशी फुटतात आणि नमुना हिमोलाइज होतो. एनएसई हा जुना मेंदू-मार्कर यामुळेच कॅज्युअल्टीतून बाद झाला. लाल पेशींत ते भरपूर असतं, त्यामुळे फुटलेल्या नमुन्यात ते हमखास वाढलेलं दिसतं. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर नमुना पुन्हा घ्यावा.

केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांत अडथळा आणतात, कारण त्या चाचण्यांची रचनाच बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या पकडीवर आहे. संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णात आयएल-६ चढलेलं दिसतं आणि सीआरपी दबलेलं. औषधानं आयएल-६ चं दारच बंद केलेलं असतं, म्हणून ते रक्तात साचतं. फॉर्मवर औषधं लिहिलेली नसतील तर अशा रिपोर्टचा अर्थ लावताना गोंधळ ठरलेलाच. आणि सर्वांत महत्त्वाचं: इजा किती वाजता झाली आणि रक्त किती वाजता घेतलं, या दोन वेळा. 'आज दुपारी' चालत नाही.

रक्ताचा रिपोर्ट काहीही येवो, काही लक्षणांत थेट स्कॅन असलेल्या रुग्णालयात जायचं: दोन किंवा जास्त उलट्या, वाढत जाणारी गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, फिट येणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, हाता-पायातली ताकद कमी होणं. वय ६५ किंवा जास्त असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गाडीनं पादचाऱ्याला उडवलं असेल, तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडणं झालं असेल, तर लक्षणं नसली तरी डॉक्टरांना दाखवायचंच. चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे 'कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) नाही' असंही नाही. डोकेदुखी, चिडचिड, झोप बिघडणं हे काही आठवडे चालू शकतं.

दाहाचे मार्कर खरे उपयोगी कुठे पडतात

पहिल्या दिवशी नापास झालेले हे मार्कर अतिदक्षता विभागात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वेगळं काम करतात. तिथे मेंदूला इजा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. प्रश्न असतो तो पुढचा: हा रुग्ण कुठल्या दिशेनं चाललाय? गंभीर दुखापतीत दाखल होताना एनएलआर फार वर असणं, आयएल-६ चढं राहणं, यांचा संबंध वाईट निष्पत्तीशी अनेक अभ्यासांत दिसला आहे. एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. रोज ठरलेल्या वेळी, त्याच यंत्रावर मोजलेलं आयएल-६ तीन दिवस उतरत असेल आणि चौथ्या दिवशी पुन्हा चढलं, तर काहीतरी नवीन घडलंय.

बहुतेक वेळा ते नवीन म्हणजे फुफ्फुसाचा जंतुसंसर्ग. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात हे नेहमीचं, आणि मेंदूच्या दुखापतीत जास्तच, कारण सुरुवातीच्या भडक्यानंतर शरीराची प्रतिकारशक्ती उलट दबते. आयएल-१० जास्त काळ वर राहणं हे या दबलेपणाशी जोडलं गेलं आहे. सीआरपी इथे फारसं मदत करत नाही. ऑपरेशन, हाडांची मोडतोड, मेंदूतली सूज, सगळ्यांनीच ते चढवलेलं असतं. प्रोकॅल्सिटोनिन हा रक्तातला आणखी एक मार्कर जंतूंच्या बाबतीत जरा जास्त नेमका, तरी मोठ्या अपघातानंतर पहिले एक-दोन दिवस तोही निर्जंतुक कारणानं वाढतो. म्हणून छातीचा एक्स-रे, थुंकीचं कल्चर आणि ताप यांच्यासोबतच हे आकडे वाचायचे.

दुसरा उपयोग अजून घडायचा आहे, पण तो मोठा आहे: कुणाला दाहविरोधी औषध द्यायचं हे ठरवणं. 'सूज आहे, मग स्टेरॉइड द्या' हा विचार अनेक वर्षं चालू होता. क्रॅश या औषध-चाचणीत डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं मेथिलप्रेडनिसोलोन किंवा नकली औषध दिलं. दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी १७.९ टक्के. औषधानं मृत्यू वाढवले होते. तेव्हापासून डोक्याच्या दुखापतीत जास्त मात्रेचं मेथिलप्रेडनिसोलोन देऊ नये, ही स्पष्ट सूचना आहे. दाहाचा एक भाग मोडतोड वाढवतो आणि एक भाग कचरा साफ करून दुरुस्ती करतो. सरसकट दाबलं की दोन्ही दबतात, वर जंतुसंसर्गाला दार उघडं.

नंतरचे प्रयत्न जास्त नेमके झाले. केंब्रिजमध्ये २० गंभीर रुग्णांवर आयएल-१ चा रस्ता अडवणाऱ्या औषधाची छोटी चाचणी झाली: रोज १०० मिलिग्रॅम त्वचेखाली, पाच दिवस. औषध मेंदूच्या द्रवात पोचलं आणि तिथल्या सायटोकाइनचं चित्र बदललं. रुग्ण त्यामुळे बरे झाले का, हे २० जणांवरून ठरवता येत नाही आणि तसा दावाही नव्हता.

दाह काहींत वर्षानुवर्षं टिकू शकतो, हेही आता दिसलं आहे. एका जबर दुखापतीनंतर १८ वर्षांपर्यंत जगलेल्या काहींच्या मेंदूत, मृत्यूनंतरच्या तपासणीत, चालू दाहाच्या खुणा सापडल्या. जिवंत रुग्णांत पेट स्कॅननंही चेतलेल्या मायक्रोग्लिया वर्षांनंतर दिसल्या आहेत. अशा माणसाच्या दंडातलं सीआरपी मात्र बहुधा नॉर्मलच असेल. म्हणून पुढच्या औषध-चाचण्यांत रुग्ण निवडायचे तर इजेच्या तासानुसार जीएफएपी, ठरलेल्या वेळांना घेतलेले सायटोकाइन आणि जंतुसंसर्ग नसल्याची खात्री, हे तिन्ही एकत्र पाहावे लागतील.